प्रश्नोत्तरे : एका थेंबासाठी किती रसायनं?

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. करडई आणि शेंगदाणा तेलातली मेदाम्लं मोजणं हा तिचा प्रकल्प. संध्याकाळी घरी येते तेव्हा कपड्यांना रॉकेलसारखा वास असतो आणि डोकं ठणकत असतं. ती म्हणते, हेक्सेन, मिथेनॉल, बोरॉन ट्रायफ्लोराइड वापरावंच लागतं, पुस्तकात तसंच दिलंय. जे तेल आपण रोज फोडणीला घालतो, ते तपासायला इतकी विषारी रसायनं का लागतात? याहून स्वच्छ पद्धत नाही का? (एक पालक, मिरज)

उत्तर : आहे, ताई. करडई आणि शेंगदाण्यासाठी तर नक्कीच आहे, आणि तिच्यासाठी कॉलेजला नवं यंत्र घ्यावं लागणार नाही. पण आधी डोकेदुखीचं बोलू, कारण ती थांबायला हवी. कपड्यांना वास येतो याचा अर्थ द्रावकाची वाफ मुलीच्या नाकापर्यंत पोचते आहे. हे काम फ्यूम हूडखाली, पंखा चालू ठेवूनच करायचं असतं. हूड नादुरुस्त असेल किंवा त्यात जुन्या बाटल्या रचून ठेवल्या असतील, तर तिनं मार्गदर्शकांना ते स्पष्ट सांगावं. हेक्सेन शरीरात गेलं की त्यापासून २,५-हेक्सेनडायोन नावाचं द्रव्य बनतं आणि ते हातापायांच्या नसांना इजा करतं. जपानमध्ये १९६० च्या दशकात चपला चिकटवणाऱ्या कामगारांच्या पायांतलं बळ गेलं, ते गोंदातल्या या हेक्सेनमुळे. दिवसाला चार-दोन मिलिलिटर वापरणाऱ्या विद्यार्थिनीला तेवढा धोका नाही. तरीही रोज वाफ हुंगत काम करणं कोणीही चालवून घेऊ नये.

आता ही रसायनं मुळात का लागतात ते पाहू. तेलात मेदाम्लं सुटी नसतात. तीन मेदाम्लं ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेली असतात. त्याला ट्रायग्लिसराइड म्हणतात. तेलात ओलेइक किती, लिनोलेइक किती, पामिटिक किती, हे सांगायचं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी. प्रयोगशाळेत सगळे तिला 'जीसी' म्हणतात. तिच्यात नमुन्याची वाफ करतात आणि ती वाहक वायूबरोबर लांब, बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर त्याचं शिखर उमटतं. ट्रायग्लिसराइड इतकं जड असतं की नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ होत नाही. सुटी केलेली मेदाम्लं नळीच्या आतल्या थराला धरून राहतात आणि शिखर फरफटत जातं. म्हणून ग्लिसरॉल काढून त्याच्या जागी मिथेनॉल जोडतात. असे तयार झालेले मिथाइल एस्टर जीसीतून सुरेख वेगळे होतात. मिथेनॉल येतं ते या कामासाठी, बोरॉन ट्रायफ्लोराइड येतं उत्प्रेरक म्हणून, आणि हेक्सेन येतं तयार एस्टर वेगळे उचलून घ्यायला.

जीसीचा जन्मच मेदाम्लांच्या निमित्तानं झाला, हे मुलीला सांगा. लंडनमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी १९५२ साली या तंत्रावरचा पहिला निबंध लिहिला, तो फॉर्मिक आम्लापासून बारा कार्बनांच्या मेदाम्लापर्यंतची आम्लं वेगळी करण्याबद्दल होता. त्याच वर्षी मार्टिन यांना सिंज यांच्यासह क्रोमॅटोग्राफीतल्या आधीच्या कामासाठी नोबेल मिळालं. पुढं लांब साखळीच्या मेदाम्लांचे मिथाइल एस्टर करून ते जीसीत सोडायची वाट पडली, आणि आज जगभर तेलाच्या तपासणीचा पाया तोच आहे. मिथाइल एस्टर करणं चुकत नाही. ते कसे करायचे हे मात्र बदलता येतं.

प्रश्न : पण पुस्तकात बोरॉन ट्रायफ्लोराइडच दिलं आहे. ते वगळून आलेला निकाल मान्य होईल का?

उत्तर : होईल. युरोपात ऑलिव्ह तेल ज्या अधिकृत पद्धतीनं तपासतात, ती पाहा. झाकणाच्या परीक्षानळीत सुमारे ०.१ ग्रॅम तेल घ्यायचं. त्यात २ मिलिलिटर हेप्टेन घालून हलवायचं. मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं मिथेनॉलमधलं २ नॉर्मल द्रावण ०.२ मिलिलिटर घालायचं, झाकण घट्ट लावायचं आणि ३० सेकंद जोरात हलवायचं. थोडा वेळ ठेवलं की वरचा थर नितळ होतो. एस्टर त्या थरात असतात; तोच जीसीला द्यायचा. हीटर नाही, उकळणं नाही, कंडेन्सर नाही. मेदाम्लांच्या तपासणीसाठी आयएसओ १२९६६ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे, तिच्यातही अल्कलीची जलद पद्धत दिलेली आहे. तेव्हा परीक्षकांनी विचारलं तर मुलीकडे उत्तर आहे.

मग बोरॉन ट्रायफ्लोराइड पुस्तकात इतकं पक्कं का बसलं? त्याची पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली. तेल ताजं असो, खवट असो, नमुन्यात सुटी मेदाम्लं असोत, एकाच कृतीनं सगळ्यांचे एस्टर होतात, हा तिचा गुण. त्या काळी ही मोठी सोय होती आणि ती शोधणाऱ्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण कृती लांबलचक आहे. आधी मिथेनॉलमधल्या सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर उकळा, मग बोरॉन ट्रायफ्लोराइड घालून पुन्हा उकळा, हेप्टेन घालून आणखी एकदा, शेवटी मिठाचं संपृक्त द्रावण घालून थर वेगळे करा. बोरॉन ट्रायफ्लोराइड त्वचेला आणि फुफ्फुसांना जाळतं. त्याचं द्रावण थंड जागी ठेवावं लागतं आणि ते फार दिवस टिकत नाही. जुनं झालेलं द्रावण वापरलं तर तेलात नसलेली शिखरं कागदावर दिसू लागतात आणि लिनोलेइकसारखी एकाहून अधिक दुहेरी बंधांची मेदाम्लं कमी भरतात. करडईचं नेहमीचं तेल म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त लिनोलेइक! तिथे शिळं द्रावण वापरणाऱ्याचा निकालही बिघडतो आणि तब्येतही.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडला एक मर्यादा आहे, ती न सांगता पुढे गेलो तर मुलीचं नुकसान होईल. तेलात मेदाम्लं आधीच सुटी झालेली असतील, तर अल्कली त्यांचे एस्टर करत नाही, साबण करते. तो साबण खालच्या थरात जातो आणि तेवढी मेदाम्लं मोजणीतून गळतात. भाताच्या कोंड्याच्या कच्च्या तेलात असं हमखास होतं, कारण कोंड्यातलं विकर दळल्याबरोबर तेल फोडायला लागतं. म्हणून आधी आम्लमूल्य, म्हणजे सुट्या मेदाम्लांचं माप, काढायचं. ते कमी असेल तर अल्कलीची थंड पद्धत खुशाल वापरावी. जास्त असेल तर मिथेनॉलमध्ये एक-दोन टक्के सल्फ्युरिक आम्ल घालून गरम करायची पद्धत आहे. तिला वेळ लागतो, पण बोरॉन ट्रायफ्लोराइड तिथेही लागत नाही. आणि परीक्षानळ्या कोरड्या असाव्यात. ओल राहिली तर चांगल्या तेलाचाही साबण होतो.

हेक्सेनच्या जागी हेप्टेन घेणं हा बदल तर आजच करता येईल. हेप्टेनही पेट घेतं, त्याचीही वाफ घेऊ नये, पण हेक्सेनसारखी नसांना इजा करण्याचा दोष त्यात नाही.

प्रश्न : रसायनं कमी घेतली तर उत्तर चुकणार नाही का? आमचे सर म्हणतात, नमुना मोठा असलेला बरा.

उत्तर : सरांचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे, त्याकडे येतो. आधी हिशेब करू. वरच्या पद्धतीत १०० मिलिग्रॅम तेल २ मिलिलिटर हेप्टेनमध्ये आहे, म्हणजे १ मायक्रोलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम. जीसीत आपण सोडतो १ मायक्रोलिटर. त्यातही बहुतेक ठिकाणी 'स्प्लिट' लावलेला असतो, म्हणजे नमुन्याचा मोठा भाग नळीत न जाता बाहेर सोडला जातो. तो १०० ला १ असेल तर नळीत शिरतं अर्धं मायक्रोग्रॅम. शंभर मिलिग्रॅमचा हा दोन लाखावा भाग! बाकीचं सगळं आपण तयार केलं, बाटलीत भरलं आणि फेकलं. मग २० मिलिग्रॅम तेल घेऊन दीड-दोन मिलिलिटरच्या छोट्या कुपीत, त्याच प्रमाणात कमी द्रावक घालून ही क्रिया का करू नये? यंत्राला फरक कळत नाही. शिवाय मेदाम्लांचा निकाल शेकड्यात देतात, एकमेकांच्या तुलनेत, त्यामुळे तेल १८ मिलिग्रॅम होतं की २२, यानं आकडा बदलत नाही.

वीस-पंचवीस वर्षं तेलांवर काम केलेल्या माणसांना भेटलात तर ते एक गोष्ट आवर्जून सांगतील : चूक जीसीत कमी होते, बाटलीतून नमुना काढताना जास्त होते. सरांची काळजी इथं खरी ठरते. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात अर्धवट थिजलेल्या बाटलीतून वरवरचं पातळ तेल उचललं तर त्यात असंतृप्त मेदाम्लं जास्त आणि लॉरिक कमी येणार. शेंगदाणा तेलही थंडीत तळाशी गढूळ होतं. म्हणून बाटली कोमट पाण्यात ठेवून तेल पूर्ण पातळ करायचं, नीट ढवळायचं आणि मगच थेंब घ्यायचा. तसं केलं की छोटा नमुनाही अख्ख्या बाटलीचं खरं सांगतो.

नमुना लहान केल्यानं काय साधतं याचं सर्वांत सुंदर उदाहरण कॅनडातलं आहे. मोहरीवर्गातल्या रेपसीडच्या तेलात इरुसिक आम्ल फार असायचं, ते कमी असलेलं वाण हवं होतं. डाउनी आणि हार्वे यांनी १९६३ साली पद्धत मांडली : बी भिजवून त्याचं एक बीजपत्र कापून जीसीला द्यायचं आणि उरलेला अर्धा भाग रुजवायचा. निकाल आवडला तर रोप हातात तयार! पुढे त्याच वाटेनं कॅनोला आलं. अर्ध्या बीपुरतं द्रावक लागलं, आणि बीही वाया गेलं नाही.

प्रश्न : जीसीला हेलियमचं सिलिंडर लागतं. ते फार महाग झालंय. त्याचाही पर्यावरणाशी संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. हेलियम जमिनीखाली युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गातून कोट्यवधी वर्षांत साठलेला असतो आणि नैसर्गिक वायूबरोबर बाहेर काढला जातो. एकदा हवेत सुटला की हळूहळू वातावरणाबाहेर निघून जातो, परत मिळत नाही. याच वायूचा पहिला सुगावा १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात आपल्या देशातून लागला. फ्रेंच खगोलज्ञ यान्सेन तेव्हा गुंटूरला होते. विजयदुर्ग किल्ल्यावर त्या ग्रहणाची आठवण आजही काढतात.

मेदाम्लांच्या कामाला हेलियमच हवा असं नाही. हायड्रोजन त्याहून चांगलं काम करतो, कारण त्याच्याबरोबर घटक जास्त वेगानं आणि तरी तितकेच नीट वेगळे होतात. तासाचं काम बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासात होतं. भट्टी तेवढी कमी तापते, वीज वाचते. पाण्याचं विघटन करून हायड्रोजन देणारी छोटी यंत्रं मिळतात, म्हणजे सिलिंडरची ने-आणही गेली. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांच्या वर गेला की भडकू शकतो, म्हणून गळती शोधणारा सेन्सर बसवलाच पाहिजे. पण ज्या डिटेक्टरवर मेदाम्लं मोजतात, त्या फ्लेम आयनायझेशन डिटेक्टरची ज्योत हायड्रोजनवरच जळते. म्हणजे हा वायू त्या खोलीत आधीपासूनच आहे आणि तो हाताळायचं शिक्षणही तिथल्या माणसांना असायलाच हवं.

नळीची लांबीही पाहावी. सिस आणि ट्रान्स रूपं बारकाईनं वेगळी करायला १०० मीटरची नळी लागते आणि एकेका नमुन्याला तास-सव्वा तास जातो. तुमच्या मुलीला करडईत ओलेइक किती आणि लिनोलेइक किती एवढंच हवं असेल, तर ३० मीटरची साधी नळी पुरते. आपल्याला काय विचारायचंय ते आधी ठरवलं, तर निम्मी वीज तिथेच वाचते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात आयोडीन मूल्याच्या प्रात्यक्षिकाला अजून कार्बन टेट्राक्लोराइड वापरतात. जुन्या चाचण्या बंद कराव्यात का? (एक प्राध्यापिका, नागपूर)

उत्तर : कार्बन टेट्राक्लोराइड आजच बंद करा. ते यकृताला अपाय करतं, ओझोनच्या थराला अपाय करतं, आणि मॉन्ट्रियल करारात त्याच्यावर निर्बंध आहेत. विज्स यांची आयोडीन मूल्याची पद्धत १८९८ ची. तिच्यात आता सायक्लोहेक्सेन आणि ॲसेटिक आम्ल समभाग घेतात आणि उत्तर तेच येतं. पेरॉक्साइड मूल्याच्या पद्धतीतही क्लोरोफॉर्मची जागा आयसो-ऑक्टेननं घेतली आहे.

पण याहून मोठी बचत कशात आहे ते सांगतो. जीसीवर मेदाम्लं मोजून झाली असतील तर आयोडीन मूल्य वेगळं काढायची गरजच नाही, ते हिशेबानं येतं. आयोडीन दुहेरी बंधांना चिकटतं, आणि कोणत्या मेदाम्लात किती दुहेरी बंध आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकन ऑइल केमिस्ट्स सोसायटीच्या रूढ पद्धतीत ओलेइकच्या शेकडेवारीला ०.८६०, लिनोलेइकच्या शेकडेवारीला १.७३२ आणि लिनोलेनिकच्या शेकडेवारीला २.६१६ नं गुणून बेरीज करतात. शेंगदाणा तेलात ओलेइक ४८ आणि लिनोलेइक ३० टक्के आलं असं धरा. ४१.३ आणि ५२.० मिळून ९३.३. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा मानकात शेंगदाणा तेलाचं आयोडीन मूल्य ८५ ते ९९ सांगितलं आहे, त्यात हे बसतं. आयोडीन मोनोक्लोराइड नाही, अंधारात बाटल्या ठेवणं नाही, टायट्रेशन नाही. साबण न होणारे घटक ज्या तेलात जास्त, तिथं हिशेबाचा आकडा थोडा वेगळा पडतो. आणि कायदेशीर वादात नमुना गेला तर मानकात लिहिलेलीच पद्धत चालवावी लागते. शिकवताना मात्र दोन्ही रीतींची तुलना करायला लावा. विद्यार्थ्यांना दुहेरी बंध म्हणजे काय ते त्यातून जितकं कळेल तितकं फळ्यावरून कळणार नाही.

जुनी चाचणी म्हणजे घाणेरडी चाचणी, असंही मानू नका. शेंगदाणा तेलाची बेलियर चाचणी घ्या. तेलाचा साबण करून, ॲसेटिक आम्ल आणि ७० टक्के अल्कोहोल घालून, ते सावकाश थंड करत गढूळपणा कोणत्या तापमानाला येतो ते पाहायचं. शुद्ध शेंगदाणा तेलात तो ३९ ते ४१ अंशांना येतो, कारण या तेलात ॲराकिडिक, बेहेनिक, लिग्नोसेरिक ही लांब साखळीची संतृप्त मेदाम्लं असतात. अल्कोहोल, थर्मामीटर आणि सराईत नजर, एवढ्यावर ही चाचणी होते. ती ठेवाच. सरकीच्या तेलाची हाल्फेन चाचणी याच्या उलट. तिच्यात कार्बन डायसल्फाइड लागतं. ते मेंदूला आणि नसांना घातक आहे आणि त्याची वाफ नुसत्या तापलेल्या पृष्ठभागानंही पेटते. विदर्भात सरकी घरचीच, त्यामुळे ही चाचणी तिथल्या जर्नलात असणार. ती करायचीच असेल तर शिक्षकांनी एकदा करून दाखवावी. तीस मुलांनी तीस परीक्षानळ्या तापवू नयेत.

प्रश्न : आमची लातूरला तेलमिल आहे. एक विक्रेता म्हणतो, अवरक्त किरणांचं यंत्र घ्या, एका मिनिटात मेदाम्लं सांगतं, रसायन एक थेंब लागत नाही. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं आहे. निकट अवरक्त प्रकाश बियांवर किंवा तेलावर टाकला की त्यातले रासायनिक बंध ठरावीक तरंगलांबी शोषतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातले कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात धान्यातला ओलावा मोजण्यासाठी ही वाट घातली. आज अख्ख्या बियांतलं तेल, प्रथिनं, ओलावा असं मोजता येतं. बी फुटत नाही, द्रावक लागत नाही, कचरा उरत नाही. मिलच्या दारात मालाची गाडी उभी असताना भाव ठरवायला याहून चांगलं काही नाही.

विक्रेत्यानं न सांगितलेला भाग असा, की यंत्र मेदाम्ल स्वतः ओळखत नाही. शेकडो नमुने आधी जीसीवर मोजावे लागतात, त्यांचे आकडे यंत्राला शिकवावे लागतात, आणि मग ते नव्या नमुन्याचा अंदाज देतं. मापट्याची खात्री काट्यावर करून घ्यावी तसं हे आहे. जे दाखवलं नाही, ते त्याला येत नाही. करडईचंच पाहा. नेहमीच्या करडईत लिनोलेइक भरपूर. पण भारतातून गेलेल्या बियाण्यात कमी आयोडीन मूल्याची, म्हणजे ओलेइक जास्त असलेली करडई सापडल्याचं १९५७ साली 'नेचर'मध्ये छापून आलं, आणि त्यातून ओलेइकचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर असलेली वाणं निघाली. ज्या यंत्राला फक्त नेहमीची करडई शिकवली आहे, त्याच्यासमोर हे बी ठेवलं तर ते भलताच आकडा दाखवेल, तोही दोन दशांशांपर्यंत. म्हणून विक्रेत्याला विचारा : तुमची प्रमाणरेषा कोणत्या वाणांवर, कोणत्या भागातल्या मालावर बसवली? दरवर्षी नव्या हंगामाचे नमुने जीसीवर पडताळून द्याल का? याचं नीट उत्तर मिळालं तर यंत्र जरूर घ्या.

ट्रान्स मेदाम्लांसाठी मध्य-अवरक्त पद्धत अधिक थेट आहे. स्फटिकावर तेलाचा थेंब ठेवायचा, ९६६ या तरंगसंख्येपाशी शोषण पाहायचं आणि थेंब पुसून टाकायचा. वनस्पती तुपाची झटपट छाननी करायला हे उत्तम. पण आपल्याकडे ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. मर्यादेच्या अगदी आसपासचा नमुना असेल तर शेवटचा शब्द अजूनही जीसीचाच.

प्रश्न : बियांतून तेल काढायला सॉक्सलेट लावतो, त्यात तर सर्वांत जास्त द्रावक जातं. त्याला पर्याय?

उत्तर : फ्रांझ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ साली हे उपकरण दुधातल्या स्निग्धांशासाठी बनवलं. एका नमुन्याला शंभर-दीडशे मिलिलिटर द्रावक, कित्येक तास हीटर, आणि या सगळ्यात कंडेन्सरमधून वाहून जाणारं नळाचं पाणी! सोलापूर, लातूर, बीडकडच्या कॉलेजांत एप्रिल-मे महिन्यांत हे पाणी सिंकमध्ये जाताना पाहवत नाही. टबात पाणी घेऊन छोट्या पंपानं फिरवलं तर तेच पाणी दिवसभर पुरतं. हा खर्च कोणतंही कॉलेज करू शकतं.

फक्त मेदाम्लांची शेकडेवारी हवी असेल तर सॉक्सलेट लावायचंच नाही. गार्सेस आणि मांचा या स्पेनमधल्या संशोधकांनी १९९३ साली तेल काढणं आणि एस्टर करणं एकाच नळीत करायची पद्धत दिली. बी कुटून थेट त्यात टाकायचं. तेलाचं एकूण प्रमाण हवं असेल तर पल्स्ड एनएमआर यंत्र बी न फोडता ते सांगतं, त्याला आयएसओचं मानकही आहे.

द्रावकच बदलण्याचे प्रयत्नही चालू आहेत. शेतीच्या टाकाऊ मालापासून, उसाच्या चिपाडापासूनही, बनवता येणाऱ्या २-मिथाइलऑक्सोलेन या द्रावकाला युरोपीय संघानं २०२३ मध्ये खाद्यपदार्थांसाठी मान्यता दिली. फ्रान्समधल्या आव्हिन्यों विद्यापीठात फरीद शेमा यांच्या गटानं संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन वापरून पाहिलं. पण लिमोनिन सुमारे १७६ अंशांना उकळतं. तेलातून ते काढून टाकायला लागणारी उष्णता धरली तर फायदा बराच घटतो. द्रावक झाडापासून आलं म्हणून ते आपोआप चांगलं ठरत नाही.

प्रश्न : एखादी पद्धत 'हरित' आहे हे ठरवतं कोण?

उत्तर : अनास्टास आणि वॉर्नर यांनी १९९८ साली हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. विश्लेषणासाठी वेगळी बारा तत्त्वं २०१३ मध्ये पोलंडच्या शास्त्रज्ञांनी सुचवली. गुण द्यायचीही सोय आहे. 'ॲनॅलिटिकल इको-स्केल'मध्ये १०० पासून सुरुवात करून विषारी रसायन, वीज, कचरा यांचे दंडगुण वजा करतात. ७५ च्या वर उत्तम, ५० च्या खाली अपुरी. मुलीनं प्रबंधात आपल्या दोन पद्धतींची अशी तुलना जरूर द्यावी, एक पान पुरे.

प्रश्न : घाण्यावरून आणलेल्या शेंगदाणा तेलात पामोलीन मिसळलंय का, हे घरी फ्रिजमध्ये ठेवून कळतं म्हणतात?

उत्तर : नाही. शुद्ध शेंगदाणा तेलही फ्रिजमध्ये गढूळ होतं आणि थिजतं. जीसीवरसुद्धा हे सोपं नाही. शेंगदाणा तेलात पामिटिक आम्ल साधारण १० टक्के असतं आणि १४ पर्यंत मान्य आहे. पामोलीनमध्ये ते ४० च्या आसपास. पाव हिस्सा भेसळ केली तर आकडा १७-१८ वर जातो आणि चोरी पकडली जाते. दहा टक्केच मिसळलं तर तो १३ च्या जवळ राहतो, तेव्हा इतर मेदाम्लं आणि बेलियर चाचणी मिळून निर्णय करावा लागतो. शंका असेल तर सीलबंद नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या.

प्रश्न : काम झाल्यावर उरलेलं द्रावक मुलं सिंकमध्ये ओततात. चालतं का?

उत्तर : अजिबात नाही. क्लोरीनयुक्त द्रावकं एका बाटलीत, हेप्टेन-मिथेनॉलसारखी बाकीची दुसऱ्या बाटलीत, दोन्हींवर स्पष्ट चिठ्ठी, आणि भरल्या की अधिकृत धोकादायक कचरा उचलणाऱ्यांकडे. सिंकमध्ये गेलेलं हेप्टेन पाण्यावर तरंगतं आणि गटारात त्याची वाफ साठते.

या सदराच्या वाचकांत रसायनशास्त्राचे बरेच शिक्षक आहेत. त्यांना एक विनंती. पुढच्या सत्राचं जर्नल छापायला देण्याआधी मेदाम्लांच्या प्रयोगाचं पान उघडा. बोरॉन ट्रायफ्लोराइडच्या जागी अल्कलीची थंड पद्धत, हेक्सेनच्या जागी हेप्टेन आणि कार्बन टेट्राक्लोराइडच्या जागी सायक्लोहेक्सेन-ॲसेटिक आम्ल लिहा. तिन्ही बदलांना मानकांचा आधार आहे आणि यंत्रासाठी एक रुपयाही लागत नाही.